रक्त गोठू न देणारी इंजेक्शने : हृदयरोगातील थोड्या दिवसांची मुदत

(मंडळाच्या हडपसर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात वधूवरांचा परिचय, विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि वर्गणीचा हिशेब हे विषय ठरलेले असतात. त्यांच्या गर्दीत वैद्यकावरील व्याख्यानाला जागा करून दिल्याबद्दल चालकांचे आम्ही आभारी आहोत. विषयासाठी आम्हांला फार शोधाशोध करावी लागली नाही. आपल्या घरांतून जे प्रश्न आमच्याकडे येतात त्यांत एक प्रश्न वारंवार असतो. वडिलांच्या छातीत दुखले म्हणून त्यांना इस्पितळात नेले आणि तेथे त्यांना सकाळ-संध्याकाळ पोटात इंजेक्शने देत आहेत. दुखणे छातीचे आणि सुई पोटात, हा काय प्रकार आहे? वयस्क मंडळींना तर पोटातले इंजेक्शन म्हटले की पूर्वी कुत्रे चावल्यावर घ्यावी लागत ती चौदा इंजेक्शने आठवतात आणि त्या धास्तीनेच ती नको म्हणतात.

ही इंजेक्शने रक्त गोठू न देणारी असतात. पोटावरच्या कातडीखाली चरबीचा थर असतो, तेथून औषध संथपणे रक्तात उतरते, म्हणून जागा पोटाची. पोटाशी त्यांचा दुसरा काही संबंध नाही. पण एवढ्या उत्तराने काम भागत नाही. ती कशासाठी देतात आणि कोठवर उपयोगी पडतात हे घरच्या माणसांना उमगले नाही, तर ऐन वेळी निर्णय चुकतो. तसे निर्णय चुकलेले आम्ही पाहिले आहेत, म्हणून आज थोडे सविस्तर बोलणार आहोत.

प्रथम दुखण्याविषयी. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांत वर्षानुवर्षे चरबीचे थर साचतात आणि मार्ग अरुंद होतो. अशा माणसाला पर्वती चढताना अमुक पायरीवर छातीत आवळल्यासारखे होते, तो थांबला की दुखणे थांबते. पुढच्या आठवड्यातही साधारण त्याच पायरीवर तेच होते. हे दुखणे वाईट खरे, परंतु शिस्तीचे आहे. त्याच माणसाला एके दिवशी सपाटीवर चालताना, मग न्हाणीघरात, मग रात्री अंथरुणात पडल्यापडल्या दुखू लागले, किंवा ज्याला कधीच दुखत नव्हते त्याला अकस्मात दुखू लागले, तर तेथे शिस्त मोडली असे समजावे. हृदयरोहिणीचा हा अस्थिर विकार होय.

आत काय घडते ते सांगण्यासाठी हडपसरकरांना दूरचा दाखला द्यावयास नको. खडकवासल्याचा कालवा आपल्या गावावरून लोणी-दौंडकडे जातो. त्याच्या भरावाला भगदाड पडले, तर माणसे धावत येऊन मातीची पोती टाकतात. शरीरही तसेच करते. रोहिणीच्या आतील चरबीच्या थराला चीर पडली की रक्तातील कण आणि तंतू तेथे धाव घेतात आणि गुठळी बांधू लागतात. फरक इतकाच की, ही पोती भरावाच्या बाहेरून पडत नाहीत, पाण्याच्या वाटेतच पडतात. शरीर चीर बुजवू पाहते आणि त्या धांदलीत प्रवाहच अडवते. वाट पुरती बुजली तर हृदयाचा तेवढा भाग मरतो. लोक ज्याला झटका म्हणतात तो हाच. अर्धवट बुजली तर दुखणे येते, जाते, पुन्हा येते. गुठळी वाढते, थोडी विरघळते, पुन्हा वाढते. रोग्याचे पुढे काय होणार ते या काही दिवसांत ठरत असते.

या मधल्या अवस्थेचा अभ्यास करणाऱ्यांत आपल्या मुंबईचे एक नाव आहे, याचा आपणां सर्वांना अभिमान वाटावा. डॉक्टर रुस्तम जाल वकील यांना पुष्कळजण सर्पगंधेमुळे ओळखतात. रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण त्यांनी १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक मासिकात सिद्ध करून दाखविला आणि १९५७ साली त्यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पण याच वकिलांनी साधे हृच्छूल आणि झटका यांच्या मधल्या दुखण्यावर १९६१ साली अमेरिकेच्या ‘सर्क्युलेशन’ मासिकात लेख लिहिला, आणि १९६४ साली झटक्यापूर्वीच्या या अवस्थेचे उपचार व पुढील वाटचाल यांवर दुसरा लेख प्रसिद्ध केला. रक्त गोठू न देणारी औषधे त्या अवस्थेत द्यावीत की नाहीत, हा प्रश्न त्यांनी त्या काळी हाताळला होता. आज जगभर ज्याची चर्चा होते तो विषय साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या रोग्यांवरून अभ्यासला गेला, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगतात.

औषध मात्र त्याहून जुने आहे. १९१६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जे मॅक्लीन नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी प्राध्यापक हॉवेल यांच्या हाताखाली रक्त गोठविणारे द्रव्य शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून त्याला जे मिळाले ते नेमके उलट निघाले; रक्त गोठेचना. हॉवेल यांनी पुढे यकृताच्या ग्रीक नावावरून ‘हेपॅरिन’ हा शब्द घडविला. कॅनडातील टोरांटो येथे, इन्सुलिनच्या शोधात ज्यांचा वाटा होता त्या चार्ल्स बेस्ट यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध केले आणि १९३५ साली ते तेथे माणसांना देण्यास आरंभ झाला. हृदय उघडून करावयाची शस्त्रक्रिया आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांचे डायालिसिस, ही दोन्ही या द्रव्यावाचून रूढ होणे कठीण होते.

हे औषध गोळीच्या रूपाने घेता येत नाही, कारण आतड्यातून ते रक्तात शिरत नाही. शिरेतून थेंबथेंब द्यावे लागे आणि मात्रा बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी दर काही तासांनी रक्त तपासावे लागे. तरी ते उपयोगी ठरले. माँट्रियल येथील तेरू यांनी १९८८ साली दाखविले की, अस्थिर दुखण्यात हेपॅरिन दिल्याने झटक्याचे प्रमाण घटते. पुढे हेपॅरिनचे लांब रेणू तोडून लहान रेणूंचे हेपॅरिन तयार झाले. डाल्टेपॅरिन आणि एनॉक्सापॅरिन ही त्याची नावे आपण औषधाच्या चिठ्ठीवर वाचली असतील. वजनाच्या हिशेबाने मात्रा ठरवावी, कातडीखाली टोचावे, आणि बहुतेक रोग्यांत रक्ताची वारंवार तपासणी न करता निभावे, ही त्याची सोय. पोटातील इंजेक्शन आले ते असे.

आता त्याचा गुण किती? येथे आम्ही आपणांस आकडे सांगणार आहोत, कारण औषधाची कीर्ती एक असते आणि हिशेब दुसरा असतो. स्वीडनमध्ये १५०६ रोग्यांवर झालेली पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. ॲस्पिरिन बहुतेक सर्वांना दिले होते. निम्म्यांना त्यावर डाल्टेपॅरिन टोचले, निम्म्यांना औषध नसलेले पाणी. सहा दिवसांत मृत्यू किंवा नवा झटका यांचे प्रमाण, नुसते पाणी टोचलेल्यांत शेकडा ४.८ होते, औषध घेतलेल्यांत शेकडा १.८. म्हणजे हजार रोग्यांत अठ्ठेचाळीस घरांवरचे संकट अठरांवर आले. तीस घरे वाचली. तीस ही संख्या लहान वाटेल. त्या तिसांत आपले घर असेल तर ती लहान नाही. पण याच पाहणीतील पुढची गोष्टही ऐकावी. कमी मात्रेत इंजेक्शने महिनाभराहून अधिक चालू ठेवली, तरी चारपाच महिन्यांनी दोन्ही गटांतील फरक जवळजवळ पुसला गेला होता.

आमच्या आजच्या बोलण्यातले मुख्य ते हेच. हे इंजेक्शन गुठळी वितळवीत नाही, साचलेले थर काढीत नाही. ते नवी पोती पडू देत नाही, इतकेच. पडलेली पोती काढावयाचे काम शरीर सावकाश करते, अथवा डॉक्टर रोहिणीत नळी घालून फुग्याने वाट मोकळी करतात. झटक्याच्या एका प्रकारात गुठळी वितळविणारे निराळे औषध देतात. ते हे नव्हे. या इंजेक्शनाने मिळते ती मुदत, दोन दिवसांची, चार दिवसांची, फार तर आठवड्याची. त्या मुदतीत तपासण्या व्हाव्यात, रोहिण्यांचे चित्र घ्यावे, आणि औषधांवर राहावयाचे, फुगा घालावयाचा की शस्त्रक्रिया करावयाची, हे ठरावे.

आणि नेमकी ही मुदतच आपली माणसे वाया घालवितात. इंजेक्शने सुरू झाली, दुसऱ्या दिवशी दुखणे थांबले, आलेख बरा निघाला, की थोरले चिरंजीव म्हणतात, “आता बरे आहे, घरी नेतो, येथे दिवसाला इतके रुपये लागतात.” सहीनिशी रोग्याला घरी आणले जाते. दुखणे थांबले म्हणजे धोका टळला, ही समजूत आमच्या मते या रोगातील सर्वांत महागडी समजूत आहे. दुखणे थांबले ते औषधाच्या धाकाने थांबले असते. रोहिणीतील चीर तशीच असते. आलेखाविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या दुखण्यात पहिला आलेख निर्दोष येऊ शकतो. म्हणून ट्रोपोनिन नावाची रक्ताची चाचणी करतात, आणि ती काही तासांनी पुन्हा करतात. एकाच चाचणीसाठी दोनदा पैसे घेतले अशी तक्रार करणारी मंडळी आम्हांस भेटली आहेत. ती दुसरी चाचणी पहिलीइतकीच, किंबहुना थोडी अधिक, महत्त्वाची असते.

एक नाजूक विषय आहे. तो टाळून हे व्याख्यान पुरे करणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आपल्या पुष्कळ घरांत तुळशीची माळ आहे. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाकडे आणि तुकोबांची लोणीकडे जेथे वळते, त्या गावात आपण बसलो आहोत. आणि हेपॅरिन, तसेच त्यापासून होणारे एनॉक्सापॅरिन, आज बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. हे ऐकून काही चेहरे गंभीर झालेले आम्हांला दिसतात. एका माळकरी आजोबांनी हे कोठूनसे ऐकले आणि इंजेक्शन घेणार नाही असा हट्ट धरला. सूनबाई रडकुंडीस आल्या, मुलगा रागावला, आणि औषधाची वेळ टळत राहिली.

त्या आजोबांना हसण्यासारखे यात काही नाही. आपल्या देहात काय जाते हे विचारण्याचा त्यांना पुरा अधिकार आहे. आम्ही त्यांच्याशी बोललो ते असे. हडपसरातच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. धनुर्वातावरील लस घोड्याच्या रक्तजलापासून करण्याच्या कामाने तिचा आरंभ झाला. शेतात खिळा रुतला तेव्हा आपल्या वाडवडिलांनी तसली लस टोचून घेतली आहे. सर्पदंशावरील औषध आजही घोड्याच्या रक्तापासूनच होते. मधुमेहाचे इन्सुलिन कैक वर्षे गायीच्या व डुकराच्या ग्रंथींतून येत असे. ते सर्व आपण अन्न म्हणून घेतले नाही, प्राण राखण्यासाठी घेतले. हा युक्तिवाद सर्वांना पटेल असे नाही, आणि पटावाच असा आमचा आग्रहही नाही.

ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती घरोघर माहीत असावी. फॉन्डापॅरिनक्स नावाचे औषध रसायनशाळेत घडविलेले आहे, कोणत्याही प्राण्यापासून काढलेले नाही. ते दिवसातून एकदाच कातडीखाली टोचतात. वीस हजारांहून अधिक रोग्यांवर, अनेक देशांत, त्याची एनॉक्सापॅरिनशी तुलना झाली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. त्या कामाचे नेतृत्व करणारे कॅनडातील डॉक्टर सलीम युसूफ हे मूळचे आपल्या केरळचे. पहिल्या नऊ दिवसांत हृदयाच्या बाबतीत दोन्ही औषधे सारखी उतरली, आणि मोठा रक्तस्राव नव्या औषधाने जवळपास निम्मा झाला, शेकडा ४.१ च्या जागी २.२. तेव्हा ही वाट केवळ माळकऱ्यांच्या समाधानाची नाही, तिला वैद्यकाचाही आधार आहे. मात्र दोन अडचणी सांगितल्या पाहिजेत. मूत्रपिंडे फार बिघडलेली असली तर हे औषध चालत नाही. आणि रोहिणीत नळी घालून फुगा फुगवावयाचा झाला, तर त्या वेळेपुरते साधे हेपॅरिन द्यावेच लागते, नाहीतर नळीवरच गुठळी धरण्याचा संभव असतो. गंमत अशी की, साध्या हेपॅरिनचा अंमल उतरविण्याचा उतारा, प्रोटामीन, तो माशापासून काढीत आले आहेत. सर्व बाजूंनी सोवळे राहील असा मार्ग या रोगात अजून निघालेला नाही.

आमचे सांगणे इतकेच की, हा प्रश्न घरात आज, सर्वजण धडधाकट असताना, चर्चेला घ्यावा. आजोबांची इच्छा काय ते विचारून ठेवावे आणि इस्पितळात शिरताच डॉक्टरांना सांगावे. सुई समोर आल्यावर नव्हे. आणि रात्री दोन वाजता जे औषध हाताशी असेल ते एकच असेल, तर ते घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्राणिज औषधाला शुद्धतेचीही एक अडचण असते. २००७ व २००८ साली चीनमधून आलेल्या हेपॅरिनच्या कच्च्या मालात निराळेच स्वस्त द्रव्य मिसळलेले निघाले आणि अमेरिकेत रोगी दगावले. त्यानंतर तपासणीचे नियम जगभर कडक झाले. त्या हकिकतीने आज घाबरून जाण्याचे कारण नाही, पण औषध बिलासह, ओळखीच्या दुकानातून घ्यावे एवढा बोध पुरेसा आहे.

रक्त गोठू न देणारे औषध म्हटले की रक्तस्राव हा त्याचा दुसरा चेहरा. पोटावर टोचल्या जागी निळेकाळे डाग पडतात. त्यांनी भिऊ नये, आणि ती जागा चोळू तर मुळीच नये. काळी शौचास होणे, लघवीतून रक्त जाणे, अकस्मात जोराचे डोके दुखणे, हे मात्र तत्काळ सांगावे. घरच्यांनी डॉक्टरांना आपण होऊन काही गोष्टी सांगावयाच्या असतात. पूर्वी पोटात व्रण होता काय, अर्धांगाचा झटका येऊन गेला काय, मूत्रपिंडाचा काही विकार आहे काय, रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू आहे काय. वजन अंदाजाने सांगू नये. सडपातळ वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत ही चूक विशेष नडते. साठ किलो म्हणून सांगितलेल्या काकू काट्यावर बेचाळीस किलोंच्या निघतात. मात्रा किलोगणिक असते, आणि मूत्रपिंडे मंदावलेली असली तर ती आणखी उतरवावी लागते.

आणखी एक चाल आम्हांला मोडावीशी वाटते. छातीत दुखू लागले की प्रथम कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन कमरेत एक वेदनाशामक इंजेक्शन घ्यावयाचे, मग घरी पडून पाहावयाचे. दुखणे झाकले जाते, वेळ जातो, आणि पुढे रक्त गोठू न देणारी औषधे सुरू केली की त्या स्नायूत रक्त साकळून गाठ येऊ शकते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जावयाचे असेल तर आलेख काढण्यासाठी आणि लगेच पुढे पाठविण्यासाठी जावे.

वेळ कसा जातो त्याचाही हिशेब झालेला आहे. आपल्या देशातील पन्नास शहरांतील ८९ रुग्णालयांत वीस हजारांहून अधिक हृदयरोग्यांची नोंद करण्यात आली; ती २००८ साली प्रसिद्ध झाली. मोठ्या झटक्याच्या रोग्यांना दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचण्यास साधारणपणे सहा तास लागले होते, आणि आत आल्यावर गुठळी वितळविणारे औषध सुरू होण्यास पन्नास मिनिटे. म्हणजे उशीर इस्पितळाच्या दारात कमी आणि आपल्या उंबरठ्याच्या आतच अधिक झाला. गॅस असेल, सकाळी पाहू, धाकटा कामावरून येऊ दे, यांत ते तास गेले. सोलापूर रस्त्यावरील गर्दीला आपण सर्वजण बोल लावतो, आणि पालखीच्या दिवशी गाडीतळ ओलांडणे कठीण असते हे खरे. पण सहा तास गाडीतळावर कोणी अडकत नाही. शंभरांपैकी पाचसहाच रोगी रुग्णवाहिकेतून आले होते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर बोलाविता येणारी रुग्णवाहिका २०१४ पासून आहे.

त्याच नोंदीत एक गोष्ट अशी निघाली की, गरिबांना औषधोपचार कमी मिळाले आणि महिन्याच्या आत मरण पावणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यांत शेकडा ८.२ होते, सधनांत ५.५. आपल्या ज्ञातीत दोन्ही प्रकारची घरे आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. हेपॅरिन आणि एनॉक्सापॅरिन ही दोन्ही औषधे सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. साधे हेपॅरिन जुने आहे म्हणून कमी प्रतीचे समजू नये. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात जावयाचे झाले, तर “तेथे काय मिळणार” म्हणून दोन दिवस पैशांची जुळवाजुळव करीत घरी बसू नये. मंडळाचा वैद्यकीय साहाय्य निधी अशा वेळीच उपयोगी पडावा, अशी चालकांना आमची विनंती आहे. हार-तुऱ्यांचा खर्च थोडा आवरला तर तो निधी वाढेलही.

इंजेक्शने केव्हा थांबवावयाची हे डॉक्टर ठरवितात. फुगा घालून वाट मोकळी झाली की ती बहुधा लगेच बंद होतात, न घातल्यास काही दिवसांनी. घरी परतताना उरलेल्या सुया शीतकपाटात जपून ठेवून पुढच्या वेळी शेजाऱ्याला देण्याची परोपकारबुद्धी आम्ही पाहिली आहे. ती कृपा करून दाखवू नये. ॲस्पिरिन व सोबतच्या गोळ्या मात्र इंजेक्शनांबरोबर थांबत नाहीत. विशेषतः रोहिणीत जाळी बसविली असेल तर दात काढावयाचा आहे म्हणून किंवा उपवास आहे म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. दंतवैद्यालाही आधी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणावयास सांगावे. उपवासाच्या दिवशी पाण्याबरोबर गोळी घेतल्याने व्रत मोडते काय, हे विचारणाऱ्या भगिनींना आमचे उत्तर असे की, एकादशीला औषध वर्ज्य असल्याचे आमच्या वाडवडिलांकडून तरी आम्ही ऐकलेले नाही.

ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांच्यासाठी जेवणाच्या पंगतीनंतर आम्ही येथेच थांबणार आहोत.